मधमाशीच्या कानातला बिल्ला

तीर्थस्वरूप दादांच्या सेवेशी,

नमस्कार. आपलं पत्र पोचलं. आपला गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून बरं वाटलं. उतरताना तो काय म्हणतो, तेही कळवावं. वहिनींचा खोकला गेला असेलच. त्यांनी विणून पाठवलेला स्वेटर अंगात बरोबर बसतो (बाह्या जरा लांब आहेत, पण बोटं गार पडतात तेव्हा त्यांचा उपयोग होतो). माझी प्रकृती चांगली आहे. उजवा डोळा सध्या अर्धाच उघडतो, त्याचं कारण पुढे येईल. बाकी इकडे सर्व ठीक.

गच्चीवरच्या मधमाश्यांच्या पेट्या न्यायला गाडी कधी पाठवू, असं आपण विचारलं आहे. पहिली पेटी आपणच भावाच्या नात्याने हिला दिली होती, त्यामुळे तो अधिकार आपला आहेच. शिवाय आपण लिहिलं आहे की "तुम्हाला साधी माशी खोलीत आली तरी तुम्ही खोली सोडता, त्या पेट्या तुम्ही काय सांभाळणार?" हे खरं आहे. ही गेल्यापासून मी रोज सकाळी गच्चीवर जातो, पाण्याच्या टाकीच्या अलीकडे उभा राहतो, माश्या जात-येत आहेत एवढं पाहतो आणि खाली येतो. याला सांभाळणं म्हणत नाहीत. तरी उत्तराला उशीर झाला, कारण मध्यंतरी मी या माश्यांचा विमा उतरवण्याच्या खटपटीत होतो. आपण हसाल. मीही हसलो असतो, पण डोळा दुखतो.

झालं असं. तळमजल्यावर दातांचे डॉक्टर आहेत, तेच आमच्या इमारतीच्या कमिटीचे अध्यक्ष. त्यांनी एका पेशंटचा जबडा सुई देऊन बधिर केला आणि त्याला बाहेर बाकावर बसवलं. खिडकीतून एक माशी आत आली आणि नेमकी बधिर गालावर बसून चावली. त्या गृहस्थाला काही कळलं नाही. तो दात काढून घेऊन, आभार मानून घरी गेला. संध्याकाळी गाल एवढा फुगला की घरच्यांनी त्याला त्याच्या शर्टावरून ओळखलं. दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात येऊन सगळ्या पेशंटांसमोर ओरडला, "दात काढलात की जबडाच उपटलात?" त्या दिवसापासून बाकावरची गर्दी ओसरली. झाडणाऱ्या बाईंना बाकाखाली मेलेली माशी सापडली होती. डॉक्टरांनी ती कापसात गुंडाळून, कवळी ठेवायच्या डबीत घालून जपली आणि ती डबी घेऊन ते माझ्या दारात आले. डबी उघडून विचारलं, "ओळखता का हिला?" मी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि "खात्रीने सांगता येणार नाही" म्हणालो. (पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत आयुष्य गेलं माझं. तिथे हेच शिकवतात.)

त्यावर कमिटीने ठरवलं की वार्षिक सभेपर्यंत मी दुसऱ्यांना होणाऱ्या इजेचा विमा उतरवून दाखवावा, नाहीतर पेट्या गच्चीवरून हलवाव्या. ही असती तर मधाची एकेक बाटली घरोघरी देऊन आली असती आणि ठराव तिथेच विरघळला असता. मला ते जमत नाही. मी कुणाच्या दारात गेलो तर त्यांना वाटतं पाणी बंद होणार आहे.

विमा म्हटल्यावर मला आधी आपल्या मावसभावाचे जावई आठवले, कारण ते विम्याचे एजंट आहेत हे ते कुणाला विसरू देत नाहीत. ही गेली तेव्हा भेटायला आले होते, तेव्हाही निघताना त्यांनी माझं वय विचारलं होतं. मी त्यांना मधमाश्यांचं सांगितलं. ते म्हणाले, "माश्यांचं पाहू हो काका, आधी तुमचं पाहू." मग त्यांनी मी मेल्यावर कुणाकुणाला किती आनंद होईल, याचा एक रंगीत तक्ता दाखवला. वारस म्हणून कुणाचं नाव घालायचं, असं त्यांनी विचारलं आणि मी चहा टाकायला उठलो. त्यांनी तक्ता मिटला. चहा पिऊन गेले. चांगला मुलगा आहे, पण त्याच्याकडे एकाच कंपनीचा माल आणि त्या कंपनीला माणसं मेलेलीच लागतात. त्यानंतर एका काचेच्या ऑफिसात गेलो. तिथल्या ब्रोकरसाहेबांनी माझं ऐकून घेतलं, "एक मिनिट" म्हणून आत गेले, आणि आतून चार-पाच जणांच्या हसण्याचा आवाज आला. मी त्यांच्या त्या मऊ खुर्चीतून उठलो (त्याला वेळ लागतो) आणि घरी आलो.

शेवटी ब्रोकर मिळाल्या त्या खुद्द दातांच्या डॉक्टरांकडून. जिन्यात गाठ पडली तेव्हा मी खरं काय ते सांगितलं, की कुणी तयार होत नाही. डॉक्टर खिशातल्या डबीशी चाळा करत म्हणाले, "एक बाई आहेत. त्यांना जमलं नाही, तर कुणालाच जमणार नाही. मग तुम्ही पेट्या हलवा." म्हणजे मला बुडवण्यासाठीच त्यांनी पत्ता दिला, पण दिला.

दादा, या बाईंबद्दल मला नीट लिहिता येईल की नाही, कोण जाणे. मी आयुष्यात धरणाची भिंत जवळून पाहिली आहे आणि पूर आलेला असताना पाण्याचा नमुना घेतला आहे. पण या बाई घरात आल्या तेव्हा वाटलं तसं कधी वाटलं नव्हतं. वय चाळिशीच्या पुढचं, अंगाने आडव्या, खांद्यावर मोठी पिशवी. मी "बसा" म्हणालो. त्यांनी आधी खुर्ची हलवून पाहिली, मग दुसरी खुर्ची हलवून पाहिली, मग दाराजवळच्या स्टुलावर बसल्या. पाण्याचा पेला टेबलाच्या कडेवर ठेवला होता, तो आत सरकवला. सगळ्या खोलीवर एकदा नजर फिरवली. त्यांना जग कसं दिसतं ते मला त्या क्षणी कळलं. आपल्याला कपाट दिसतं, त्यांना पडलेलं कपाट दिसतं. आपल्याला पंखा फिरताना दिसतो, त्यांना तो फिरत फिरत खाली येताना दिसतो. आणि इतकं सगळं कोसळताना पाहूनही बाई शांत बसून चहात किती साखर ते सांगतात.

मग त्यांचं लक्ष हिच्या फोटोकडे गेलं. (फोटो माझ्या खुर्चीच्या बरोबर वर आहे.) इतके दिवस जो कोणी येतो, तो फोटोपुढे मान खाली घालून उभा राहतो आणि मलाही उभं राहावं लागतं. बाई जवळ गेल्या, फोटोची चौकट किंचित हलवली आणि म्हणाल्या, "काका, हा खिळा ढिला झालाय. तुम्ही याच्या खालीच बसता?" मी हो म्हणालो. त्यांनी पिशवीतून हातोडी काढली. विम्याच्या कामाला येणारं माणूस हातोडी घेऊन येतं हे मला माहीत नव्हतं. खिळा ठोकून, फोटो सरळ करून, दोन पावलं मागे जाऊन त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "आता नाही पडत." सांत्वनाला आलेल्या कुणीही एवढं खात्रीने काही सांगितलेलं नव्हतं.

मग त्या कामाचं बोलल्या. "आधीच सांगते, खालच्या डॉक्टरांच्या दवाखान्याचा विमाही मीच केलाय. चालत नसेल, तर आत्ताच उठते." मी म्हणालो, चालेल. "दुसरं, एजंट कंपनीचा असतो, ब्रोकर गिऱ्हाइकाचा. म्हणजे या कामात मी तुमच्या बाजूची. पण तुम्ही मला सगळं सांगायचं. कंपनी कशाला नाही म्हणेल ते माझं मी बघते. लपवलेलं निघालं तर मात्र मीही काही करू शकत नाही." आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो त्या प्रत्येक भेटीत उठताना, पिशवी खांद्याला लावत विचारतात: "सांगायचं राहिलं असं काही?"

मला आजवर हा प्रश्न कुणी विचारलेला नाही. मी कमी बोलतो हे पाहून लोक स्वतःच जास्त बोलतात (आपणही, दादा, राग नसावा). मी म्हणालो, काही राहिलं नाही. बाईंनी नुसतं पाहिलं. पाऊण कप चहा पिऊन होईपर्यंत पाहिलं. मग मी डबीतल्या माशीचं सांगितलं. ती आमचीच असणार, कारण या भागात दुसऱ्या पेट्या नाहीत, आणि हे मला डबी उघडली तेव्हाच कळलं होतं.

मला वाटलं, आता विमा संपला. बाई म्हणाल्या, "मग हे डॉक्टरांना लिहून द्या." मी म्हणालो, अहो, ते पेट्या काढायलाच बसलेत, त्यांच्या हातात मी कशाला... "काका, त्यांना माश्या नको आहेत असं कुणी सांगितलं? त्यांना तो गाल नकोय." मी तासभर विचार केला आणि एका कागदावर लिहिलं की अमुक पेशंटच्या गालाला आलेली सूज ही माझ्या माशीमुळे आली, दातामुळे नव्हे, आणि झाल्या त्रासाबद्दल मी दिलगीर आहे. डॉक्टरांनी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. मग म्हणाले, "जरा मोठ्या अक्षरात लिहून द्याल का?" आता ते काचेच्या चौकटीत, स्वच्छ दातांच्या चित्राशेजारी, बाकासमोर लावलेलं आहे. बाकावर पुन्हा गर्दी असते. येणारा-जाणारा माझं अक्षर सुंदर आहे म्हणतो.

पण विमा अजून मिळायचाच होता. बाई आमच्याच टेबलावर बसून एकेका कंपनीला फोन लावायच्या आणि मी पलीकडे बसून ऐकायचो. एका कंपनीने सांगितलं की माश्या पाळीव जनावरांत धराव्या लागतील आणि जनावराच्या विम्याला प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला लागतो. बाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्या म्हणाल्या, "मारते ना. कान कुठे असतो तेवढं कळवा." पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग बिल्ल्याची अट गेली. दुसऱ्या कंपनीने विचारलं, जनावर आवारातून बाहेर जातं का? "रोज जातं आणि रोज घरी येतं. तुमच्याकडची किती माणसं येतात?" तिसरीच्या कॉम्प्युटरमध्ये जनावरांच्या संख्येला दोनच आकड्यांची जागा होती; तिथे बाईंनी पेट्या मोजायला लावल्या. एका साहेबांना मात्र कुठूनसं कळलं होतं की कामकरी माशी जेमतेम काही आठवडे जगते. ते म्हणाले, "मग बाई, आज विमा घेतला आणि दोन महिन्यांनी अपघात झाला, तर तेव्हाची माशी वेगळीच असणार. आम्ही नक्की कुणाची जबाबदारी घ्यायची?" बाई म्हणाल्या, "माश्या बदलतात साहेब. पेटी तीच असते."

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. माश्या इतक्याच जगतात हे आपणच मला एकदा जेवताना सांगितलं होतं, पण मी त्याचा हिशेब कधी केला नव्हता. आता पेट्यांत आहेत, त्यांतल्या एकाही माशीने हिला पाहिलेलं नाही. राणी असेल तर तेवढीच. आणि तरी सगळ्या हिने लावून दिलेल्या पोळ्याच्या चौकटींवर, हिने ठेवलेल्या पेटीच्या तोंडाने आत-बाहेर करत आहेत. मी परत आलो तेव्हा त्याच साहेबांनी पाहणीला माणूस पाठवायचं कबूल केलं होतं.

बाईंनी मला विचारलं, "काका, पेटी उघडता येते ना?" मी म्हणालो, "अनेकदा पाहिलेली आहे." हे खरं होतं. जिन्याच्या दाराच्या फटीतून पाहिलेली आहे.

पाहणीला आलेले अधिकारी उंचेपुरे, भारदस्त, मिशा वळवलेल्या. ते गच्चीच्या दारापर्यंत आले आणि दारातच थांबले. म्हणाले, "इथून उत्तम दिसतं." पुढच्या क्षणी दार इतकं लावून घेतलं की नुसत्या मिशा बाहेर राहिल्या. "हं, उघडा पेटी." मी हिचा पांढरा पोशाख घातला होता. हिची उंची आपल्याला माहीत आहे, माझी आपण पाहिली आहे. विजार पोटऱ्यांवर संपत होती, खाली मी दोन-दोन मोजे घातले होते. जाळीची टोपी डोक्यावर बसेना म्हणून दोरीने बांधली. बाई मात्र पिशवीतून ओढणी काढून, चेहऱ्याभोवती गुंडाळून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

ही करायची तसा धूर दिला आणि झाकण उचललं. दादा, आपल्याला यात काही नवीन नाही. मी एवढी वर्षं त्या गच्चीखाली झोपलो आणि हे कधी पाहिलं नव्हतं. चौकट वर उचलली तर ती जिवंत होती. वजनदार, कोमट, आणि हातात गुणगुणणारी. हजारो जणी, आणि एकीलाही माझ्याकडे बघायला सवड नाही. ही रोज वरून उतरायची तेव्हा चेहऱ्यावर जे असायचं, ते काय होतं, ते मला तिथे कळलं. मी चौकट धरून उभाच राहिलो. तेवढ्यात दोरीच्या फटीतून एक माशी टोपीत शिरली, चष्म्याच्या काचेवरून चालत गेली आणि उजव्या डोळ्याच्या कोपऱ्याशी चावली.

मी काही बोललो नाही. बोलायची सवय नाही आणि हातात चौकट होती. दारातून मिशा म्हणाल्या, "वा! काय शांत माश्या आहेत! आणि मालकांचा काय हात बसलाय! लिहितो तसं." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. जाळीतून, ओढणीतून पाहिलं. हळूच म्हणाल्या, "काका, सांगायचं राहिलं असं काही?"

आणि काय झालं, मी बोलायला लागलो. टोपीत एक माशी आहे, ती डोळ्याशी चावली आहे, फार दुखतं आहे. पेटी मी आज पहिल्यांदा उघडली. मला माश्यांची भीती वाटते, लहानपणापासून. हा पोशाख माझा नाही. मला यातलं काही येत नाही, आणि ते येणारं माणूस आता नाही. रोज सकाळी वर येतो ते माश्यांसाठी नाही, यायची सवय तिची होती आणि कुणीतरी यावं म्हणून येतो. पेट्या गेल्या तर वर यायला काही कारण उरणार नाही. घरात इतकं शांत असतं की खालच्या दवाखान्यातलं दात कोरायचं यंत्र ऐकू येतं आणि ते थांबलं की वाईट वाटतं. असं बरंच. चौकट हातातच होती.

दार उघडून अधिकारी पूर्ण बाहेर आले. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. शेवटी बाईंना म्हणाले, "यातलं कुठल्या रकान्यात घालू?" बाई म्हणाल्या, "'इतर'मध्ये घाला." ते म्हणाले, "'इतर'ला जागा लहान आहे." मग त्यांनी "मालक नवशिके, पण खरं बोलतात" असं लिहिलं आणि तिथून पळत जिना उतरले, कारण त्यांच्या बाहीवर एक माशी बसली होती.

विमा मिळाला. वार्षिक सभेत मी उठण्याआधीच डॉक्टर उठले आणि मधमाश्या हे इमारतीचं भूषण आहे, असं बोलले. ती डबी त्यांनी मला परत दिली. मी ती गच्चीवर कुंडीत रिकामी केली आणि धुऊन त्यांना पोचती केली.

वहिनींना नमस्कार. नातवंडांना आशीर्वाद, आणि धाकटीला म्हणावं, आतेआजोबांचा डोळा भोपळ्याएवढा झालाय ही अफवा आहे. लिंबाएवढा आहे.

आपला,
मेहुणा

ता. क. तेव्हा गाडी पाठवू नये. एक मात्र सांगायला हवं. कंपनीची अट आहे की पेट्या हाताळायला जाणता माणूस पाहिजे, आणि तसं एकच नाव मला माहीत होतं, म्हणून ते आपल्याला न विचारता कळवून टाकलं. पुढच्या महिन्यात आपल्याला इथे यावं लागेल. निदान मला शिकवून होईपर्यंत राहावं लागेल. विम्याचे नियम कडक असतात, माझा इलाज नाही.

ता. क. विमेवाल्या बाई आत्ता कागद द्यायला आल्या होत्या. पत्र टेबलावर पाहून त्यांनी उठताना नेहमीचा प्रश्न विचारला, म्हणून लिहितो: कंपनीने अशी काही अट घातलेली नाही. नवशिका मालक त्यांना चालतो, तसं कागदावर छापलेलं आहे. वरचा ता. क. मी मनाने लिहिला. नियम कडक नाहीत. आपण तरीही यावं. वहिनींनाही आणावं, जिना हळूहळू चढू.

ता. क. बाई जिन्यातून परत आल्या. पत्राच्या सुरुवातीला मी "इकडे सर्व ठीक" असं लिहिलं आहे. तेवढं माश्यांपुरतं धरावं.